कानात तेल घालण्याआधी

लॅब्रॅडॉर किंवा कॉकर स्पॅनियल पाळलेल्या घरात पावसाळा लागला की एक वास ओळखीचा होतो. आंबलेल्या पिठासारखा, किंचित गोडसर, कुत्रा जवळ येऊन बसला की जाणवणारा. मग डोके झटकणे सुरू होते, मागच्या पायाने कान खाजवणे सुरू होते आणि पाळी उलटून पाहिली तर आत तपकिरी मळ दिसतो. दवाखान्यातून थेंब येतात, पंधरा दिवसांत कान स्वच्छ होतो आणि महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा तेच. तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर घरातली माणसे स्वयंपाकघराकडे वळतात. खोबरेल, कापूर, कडुनिंब, हळद, तेलात कडवलेला लसूण आणि अलीकडे व्हिनेगर. हे वळणे मूर्खपणाचे नाही, त्यामागे कारणे आहेत आणि ती नीट ऐकून घेतली पाहिजेत. शास्त्रचर्चेत प्रतिपक्षाचे म्हणणे आधी आणि पुऱ्या ताकदीने मांडायची आपल्याकडे जुनी रीत आहे. तीच इथे पाळतो. घरच्या उपायांवर भरवसा ठेवणारा कुत्र्याचा पालक हा पूर्वपक्ष, आणि उत्तरपक्ष माझा.

पूर्वपक्ष: तुम्ही आम्हाला अडाणी समजू नका. माणूस चार वेळा दवाखान्यात जातो तेव्हा चारही वेळा साधारण त्याच प्रकारची बाटली हातात पडते. तिच्यात एक प्रतिजैविक, एक बुरशीनाशक आणि एक स्टेरॉइड असते. चार वेळा पैसे जातात आणि पाचव्यांदा कान वाहतोच. तालुक्याच्या गावी तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना मुख्यतः गाई-म्हशी आणि शेळ्यांसाठी असतो, तिथे कुत्र्याच्या कानात आतपर्यंत पाहायला साधन मिळेलच असे नाही. शिवाय प्रतिजैविके जपून वापरा, जंतू त्यांना दाद देईनासे होतात, हे तुम्हीच आम्हाला सांगता. मग कडुनिंब, हळद, व्हिनेगर यांत जंतू मारण्याची शक्ती आहे हे प्रयोगशाळेत दिसलेले असताना ती वापरली तर बिघडले कुठे? आपल्याकडे लहान मुलाच्या कानात पिढ्यान्‌पिढ्या कोमट तेल घातले गेले. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट अशी की गुण येतो. कुत्रा खाजवायचा थांबतो, शांत झोपतो. जे डोळ्यांना दिसते ते नाकारायचे का?

उत्तरपक्ष: तुमचा वैताग खरा आहे आणि त्यातला मोठा भाग मला मान्य आहे. तीच बाटली पुन्हा पुन्हा देणे हा उपचार नव्हे, त्याकडे मी पुढे येईन. व्हिनेगरबद्दलही तुम्ही हवेत बोलत नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ साली, सैनिकांच्या जखमांत हिरवा पू करणाऱ्या जंतूवर पातळ केलेले अ‍ॅसेटिक आम्ल वापरल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकात आल्या होत्या. तोच जंतू, स्यूडोमोनास, कुत्र्यांच्या जुनाट कानांतही सापडतो. पशुवैद्यकात कान धुण्याच्या काही तयार द्रावणांत आजही अ‍ॅसेटिक आणि बोरिक आम्ल असते. म्हणजे पदार्थाशी माझे भांडण नाही. माझा प्रश्न ‘गुण येतो’ या तुमच्या शेवटच्या वाक्याला आहे, कारण सगळा वाद त्यावरच उभा आहे. जुनाट कानदुखीचा स्वभावच भरती-ओहोटीचा असतो. हवेतला दमटपणा कमी झाला, परागकणांचा मोसम सरला, की कान आपोआप थोडा शांत होतो. आपण उपाय करतो तो त्रास शिगेला पोचल्यावर, आणि शिखरानंतर उतारच असतो. त्या उताराच्या दिवसांत जे काही कानात पडले त्याला श्रेय मिळते. दवाखान्यातल्या बाटलीलाही हे लागू आहे. म्हणून ‘घातले आणि बरे वाटले’ या साक्षीवर कोणत्याच औषधाचा निवाडा करता येत नाही, घरच्या नाही आणि कंपनीच्याही नाही. त्यातून कुत्र्याला बोलता येत नाही. खाज थांबली हे आपल्याला दिसते. पडद्यामागे काय चालले आहे हे दिसत नाही.

पूर्वपक्ष: पडद्यामागे म्हणजे? कान आम्ही रोज पाहतो, उलटून, उजेडात धरून.

उत्तरपक्ष: तुम्ही पाहता तो कानाचा दरवाजा. माणसाची कर्णनलिका जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब आणि बरीचशी सरळ असते. कुत्र्याची पाच ते दहा सेंटिमीटर असते आणि तिचा आकार इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखा असतो. आधी खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते. पडदा त्या आडव्या भागाच्या टोकाला असतो, त्यामुळे बॅटरीच्या उजेडात तो कधीच दिसत नाही. त्यासाठी ओटोस्कोप लागतो, आणि कान फार सुजला असेल तर तो घालण्याआधी काही दिवस सूज उतरवावी लागते. या रचनेमुळे दोन गोष्टी घडतात. लहान मुलाच्या कानावरून काढलेला अनुभव इथे लागू पडत नाही, कारण घातलेले तेल खालच्या वळणात साचून राहते. निरोगी नलिकेची त्वचा पडद्याकडून बाहेरच्या दिशेने हळूहळू सरकत मळ स्वतःच बाहेर टाकत असते. सुजलेल्या कानात ही सफाई बंद पडते आणि तेल-हळदीचा लगदा तिथेच घट्ट होतो. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुनाट बाह्यकर्णदाह असलेले ४६ कान तपासले गेले. त्यांतल्या ३८ कानांत दाह पडद्यापलीकडे, मध्यकर्णातही पोचलेला होता. आणि त्या ३८ पैकी बहुतेकांचा पडदा वरून शाबूत दिसत होता. पडदा फाटलेला असेल तर कानात घातलेला प्रत्येक थेंब थेट मध्यकर्णात जातो आणि तिथून अंतर्कर्ण जवळ आहे, जिथे ऐकण्याची आणि तोल सांभाळण्याची यंत्रणा आहे. बाहेरच्या त्वचेला निरुपद्रवी असलेले कितीतरी पदार्थ तिथे अपाय करतात. यात दवाखान्यातली काही प्रतिजैविके आणि जंतुनाशकेही आली, म्हणूनच चांगला पशुवैद्य पडदा पाहिल्याशिवाय थेंब निवडत नाही. आता स्वयंपाकघरातून आलेल्या वाटीला ही खबरदारी कुठून येणार?

पूर्वपक्ष: मान्य, आत दिसत नाही. पण निदान साधे पदार्थ, कडुनिंबाचे तेल, कापूर घातलेले खोबरेल, यांनी काय मोठे नुकसान होणार? ते काही विष नाही.

उत्तरपक्ष: एकेक घेऊ. कापूर पोटात गेला तर झटके आणू शकतो, आणि कुत्रा कानाला लावलेले पंजाने काढून चाटतो हे कुत्रा पाळणाऱ्या कुणालाही माहीत आहे. लसणाचे तर दुहेरी आहे. कच्चा लसूण त्वचेला भाजल्यासारख्या जखमा करतो, आणि पोटात पुरेसा गेला तर कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या टी ट्री तेलाबद्दल अमेरिकेतला पुरावा बोलका आहे. २००२ ते २०१२ या काळात शुद्ध टी ट्री तेलाने विषबाधा झालेल्या ४४३ कुत्र्या-मांजरांच्या नोंदी तपासल्या गेल्या, त्यांत ३३७ कुत्रे होते. लाळ गळणे, मलूल होणे, पाय लटपटणे, थरथर ही त्यांची लक्षणे होती. हायड्रोजन पेरॉक्साइड फेसाळते म्हणून साफ करते असे वाटते, पण ते जंतूंबरोबर जिवंत पेशीही मारते आणि मागे ओलावा ठेवते. साध्या तेलाची अडचण वेगळी आहे. वारंवार बिघडणाऱ्या कानात बहुतेकदा मॅलॅसेझिया नावाचे यीस्ट माजलेले असते. ते निरोगी त्वचेवरही थोडे असतेच. त्याला लागणारी मेदाम्ले स्वतः बनवता येत नाहीत, ती ते त्वचेवरच्या तेलकट थरातून घेते. अशा कानात आणखी तेल ओतणे हा त्यावरचा इलाज होऊ शकत नाही. कानातल्या किड्यांचा श्वास तेलाने कोंडतो हे खरे आहे, पण त्यांचे जीवनचक्र साधारण तीन आठवड्यांचे असते आणि अंड्यांतून पुढची पिढी येते. त्यांच्यावर आता मानेवर टाकायची किंवा पोटातून द्यायची खात्रीची औषधे आहेत. आणि आपल्या माळरानांवरचे कुसळ विसरू नका. पावसाळा सरताना गवत पिकते, कुसळाचे टोक भाल्यासारखे असते आणि ते पुढेच सरकते, मागे येत नाही. एकाच कानाला अचानक त्रास झाला, कुत्रा डोके एका बाजूला धरून झटकू लागला, तर आत कुसळ असण्याची शक्यता धरावी लागते. ते चिमट्यानेच निघते, आणि तोवर रोज घातलेले तेल फक्त दिवस वाया घालवते.

प्रयोगशाळेतल्या पुराव्याबद्दलही बोलले पाहिजे, कारण तो तुमच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा आहे. काचेच्या बशीत कडुनिंबाच्या अर्काने जंतू मरतात, हळदीतल्या द्रव्यानेही मरतात. पण बशीत पू नसतो, मळाचा थर नसतो, जंतूंनी स्वतःभोवती विणलेले चिकट आवरण नसते आणि मुख्य म्हणजे दुखणारी त्वचा नसते. व्हिनेगरचेच पाहा. घरातले व्हिनेगर साधारण चार-पाच टक्के आम्लाचे असते. अर्धे पाणी घातले तर जे उरते ते शाबूत त्वचेला सोसवते, पण स्यूडोमोनासने व्रण पाडलेल्या नलिकेत ते आगीसारखे झोंबते. म्हणजे व्हिनेगर ज्या जंतूवर सर्वांत चांगले चालते, त्याच जंतूच्या कानात ते घालणे सर्वांत क्रूर ठरते. एकदा असा चटका बसला की कुत्रा पुढे कानाला हात लावू देत नाही, आणि मग योग्य औषधही घालता येत नाही.

पूर्वपक्ष: पण आयुर्वेदात कर्णपूरण आहे, ते का नाकारता?

उत्तरपक्ष: नाकारत नाही, पुरे वाचा एवढेच म्हणतो. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ रोग वेगवेगळे सांगितले आहेत. वाहणारा कान वेगळा, दुर्गंधी येणारा वेगळा, किडे पडलेला वेगळा. २८ नावे देणारी परंपरा एका वाटीतल्या तेलाने सगळे कान बरे होतील असे म्हणत नाही. आधी ओळखा, मग उपचार करा, हे तिचेही सांगणे आहे आणि माझेही तेच आहे.

पूर्वपक्ष: ठीक. पण तुमच्या थेंबांनीही कान पुन्हा बिघडतोच, त्याचे उत्तर तुम्ही अजून दिलेले नाही.

उत्तरपक्ष: ते आता देतो, आणि माझे मुख्य म्हणणे त्यातच आहे. वारंवार बिघडणारा कान हा बहुतेक वेळा कानाचा रोग नसतो. यीस्ट आणि जंतू हे नंतर आलेले पाहुणे असतात, दार दुसऱ्याच कुणीतरी उघडलेले असते. ते कारण बहुधा त्वचेची अ‍ॅलर्जी हे असते. हवेतले परागकण, धुळीतले सूक्ष्म किडे किंवा अन्नातले एखादे प्रथिन यांना कुत्र्याची त्वचा अति प्रतिसाद देते. कानाच्या नलिकेला आतून अस्तर असते ते त्वचेचेच, त्यामुळे तीही सुजते, गरम आणि ओलसर होते. त्वचेची अ‍ॅलर्जी असलेल्या सुमारे निम्म्या कुत्र्यांना कानाचा त्रास असतो, आणि काहींत कान हेच पहिले आणि काही काळ एकमेव लक्षण असते. थायरॉइडचे स्राव कमी पडणे हेही प्रौढ कुत्र्यांत एक कारण आहे. लोंबते कान, नलिकेतले दाट केस, पोहल्यानंतर राहिलेले पाणी या गोष्टी वाट सोपी करतात, पण मूळ कारण त्या सहसा नसतात. ब्रिटनमध्ये २२,३३३ कुत्र्यांच्या दवाखान्यातल्या नोंदी तपासून २०२१ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की वर्षभरात ७.३ टक्के कुत्र्यांना बाह्यकर्णदाह झाल्याची नोंद होती. संकरित कुत्र्यांच्या तुलनेत बॅसेट हाउंडमध्ये त्याची शक्यता पावणेसहा पटींहून अधिक होती. लोंबत्या कानांच्या जातींत ती ताठ कानांच्या जातींपेक्षा सुमारे पावणेदोन पट होती. फरक मोठा आहे, पण ताठ कानांच्या जर्मन शेफर्डचाही कान वर्षानुवर्षे वाहतो आणि लोंबत्या कानांचे कितीतरी कुत्रे आयुष्यभर ठणठणीत राहतात. म्हणजे आकाराने अर्धेच उत्तर मिळते. दार उघडणारा शोधला नाही तर थेंब कंपनीचे असोत की घरचे, दोन्ही पाहुण्यांनाच हाकलत बसतात.

इथेच तुमच्या घराची जागा येते, आणि ती मोठी आहे. अन्नाची अ‍ॅलर्जी रक्ताच्या चाचणीने खात्रीने कळत नाही. ती कळते घरच्या ताटावर. कुत्र्याने आजवर कधीच न खाल्लेले एखादे प्रथिन आणि एक पिष्ट पदार्थ, एवढेच आठ आठवडे द्यायचे. या काळात दूध नाही, बिस्किट नाही, पोळीचा तुकडा नाही, मांसाचा स्वाद लावलेली गोळीसुद्धा नाही. त्रास कमी झाला तर जुने अन्न पुन्हा सुरू करायचे आणि तो परततो का हे पाहायचे. तो परतला तर कारण हाती लागले. २०१६ साली २९७ कुत्र्यांच्या नोंदींचा आढावा घेतला गेला, त्यात गोमांस ३४, दुग्धजन्य पदार्थ १७, चिकन १५ आणि गहू १३ टक्के कुत्र्यांत दोषी निघाले. ही पाश्चात्त्य देशांतल्या ताटाची टक्केवारी आहे. कुत्रा जे वारंवार खातो त्याचीच अ‍ॅलर्जी त्याला होते. आपल्याकडे तो चिकन-भात, दूध-पोळी, दही-भात खातो, म्हणून संशयही तिथूनच सुरू व्हायला हवा. हा प्रयोग पशुवैद्याच्या सल्ल्याने आखायचा असतो, पण तो पार पाडणे कोणत्याही दवाखान्याच्या हातात नाही. आठ आठवडे आजोबांनी टेबलाखालून तुकडा दिला नाही, तरच तो होतो. घरगुती उपायाची इतकी कसून परीक्षा दुसरीकडे कुठे होत असेल असे मला वाटत नाही.

पूर्वपक्ष: आणि पैसे? अंतर? प्रतिजैविकांचा प्रश्न?

उत्तरपक्ष: प्रतिजैविकांबद्दलची तुमची काळजी अगदी योग्य आहे, आणि तिचे उत्तर एका काचपट्टीत आहे. कापसाने कानातला मळ घ्यायचा, काचपट्टीवर फिरवायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. काही मिनिटांचे काम आहे. त्यात यीस्ट दिसते, गोल जंतू दिसतात की काठीसारखे ते दिसते, किडे असतील तर तेही कळते. फक्त यीस्ट असेल तर प्रतिजैविकाची गरजच नाही. काठीसारखे जंतू आणि पुष्कळ पू दिसला तर पुढची चाचणी करून औषध निवडता येते. म्हणून पुढच्या खेपेला डॉक्टरांना आदराने पण स्पष्ट विचारा, ‘स्लाइड पाहता का? पडदा दिसला का?’ हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मेडिकलच्या दुकानातून माणसांचे कानाचे थेंब स्वतःच आणून घालणे, किंवा खाज थांबली म्हणून चौथ्या दिवशी बाटली कपाटात ठेवणे, यांनीही जंतू चिवट होतात, आणि ते घरातच घडते. अंतराची अडचण मी लहान करत नाही. पण परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, तसेच नागपूर, परभणी, शिरवळ आणि उदगीर इथली महाविद्यालये यांना जोडलेली पशुचिकित्सालये आहेत. चार वर्षे चाललेल्या कानासाठी तिथवरचा एक प्रवास जास्त नाही. उलट बाजूचा हिशेबही मांडा. वर्षानुवर्षे दाह राहिलेल्या नलिकेची भिंत जाड होते, आतली वाट बुजते, कूर्चेत चुना साठतो, आणि मग कोणतेही औषध आत पोचू शकत नाही. तिथे शेवटचा मार्ग संपूर्ण नलिका काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेचा उरतो. ‘घरच्या उपायाने दोन वर्षे भागले’ या वाक्यातली दोन वर्षे त्या भिंतीत जमा झालेली असतात.

पूर्वपक्ष: म्हणजे घरी आम्ही काहीच करायचे नाही?

उत्तरपक्ष: पुष्कळ करायचे आहे. आंघोळीनंतर आणि पोहल्यानंतर पाळी आतून कोरडी पुसा. डॉक्टरांनी पडदा पाहून सांगितलेले कान धुण्याचे द्रावण नलिकेत भरा, कानाच्या मुळाशी बाहेरून हलके चोळा, कुत्र्याला डोके झटकू द्या आणि वर आलेले तेवढेच कापसाने टिपा. इअरबड घालू नका, त्याने मळ वळणापलीकडे ढकलला जातो. सांगितले त्यापेक्षा अधिक वेळा धुऊ नका, सतत ओली राहिलेली त्वचा स्वतःच आजारी पडते. एका वहीत तारखा लिहा. कान कधी बिघडला, त्या आठवड्यात काय खाल्ले, पंजे चाटत होता का, पोटाखाली लाली होती का. अशी वर्षभराची वही डॉक्टरांपुढे ठेवली तर अ‍ॅलर्जी मोसमी आहे की बारमाही हे त्यांना अर्ध्या तासात कळते. औषध संपल्यावर कान बरा दिसत असला तरी पुन्हा तपासायला न्या, कारण वरून कोरडा दिसणारा कान आत ओला असू शकतो.

आणि एवढे आवर्जून पाळा. कुत्र्याची मान एका बाजूला कलली असेल, चालताना त्याचा तोल जात असेल, तो जबडा उघडताना कळवळत असेल, हाक मारूनही वळत नसेल, कानातून रक्त किंवा हिरवट पू येत असेल, किंवा झटकून झटकून पाळीत रक्त साचून ती फुगली असेल, तर त्या दिवशी कानात काहीही घालू नका. खोबरेल नको, व्हिनेगर नको, मागच्या वेळचे उरलेले थेंबही नकोत. त्याला तसेच घेऊन दवाखाना गाठा.